पांढरीच ठेवा

अम्म तूहामी टोपीवाल्याबद्दल वीस वर्षं मी जे बोलत आलो, ते ट्युनिसच्या जुन्या गावात ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाने ऐकलं आहे. तेव्हा राहिलेलं सांगण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडतं.

मी खमैस. टोपीवाल्यांच्या बाजाराच्या कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान माझं, त्याआधी वडिलांचं. ह्या बाजारात लाल लोकरी टोप्यांशिवाय दुसरं काही होत नाही. दुकानं समोरासमोर आणि मधली वाट एवढीशी, की एका बाजूला कोणी शिंकला तर दुसऱ्या बाजूचा ‘अल्ला रहम करो’ म्हणतो. माझ्या चुलीपाशी उभं राहिलं की सात दुकानांच्या आतलं दिसतं, आणि तूहामीचं दुकान तर अगदी तोंडासमोर. म्हणून सांगतो, मी ऐकीव काही बोललो नाही. डोळ्यांनी पाहिलं तेच बोललो.

स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. कॉफीवाल्याने असावंच लागतं. जो माणूस पेला संपल्यावरही उठत नाही, तो कोणाचं तरी ऐकत बसलेला असतो. जो घाईघाईने पितो, तो कोणाला तरी टाळत असतो. आणि साखर किती विचारल्यावर जो ‘तुमच्या मर्जीने’ म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. मात्र गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय मी पेला पुढे करत नाही. ही वडिलांची पद्धत. बाजारात सकाळी झालेला विनोद दुपारपर्यंत माझ्या दुकानातून गावभर जायचा आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

तूहामी माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा, म्हणून अम्म, म्हणजे काका. अंगाने वाळलेला, बोटं लोकर विंचरून खरखरीत झालेली, आणि तोंडात शब्द असे जपून ठेवलेले की जणू ते कोणी परत मागायला येणार आहे. वर्षातून दोनदा हसायचा, त्यातलं एकदा ईदला. त्याच्या दुकानात माप घ्यायची पट्टी नव्हती. तो एक सुती दोरी गिऱ्हाइकाच्या डोक्याभोवती फिरवायचा, टोकं जुळतील तिथे गाठ मारायचा आणि ती दोरी भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. कायमच्या गिऱ्हाइकाची दोरी कायम तिथे. कोणती कोणाची, हे त्यालाच माहीत. त्याच्या टोपीच्या आत हिरव्या दोऱ्याचं एक अर्धं पान शिवलेलं असे, ती त्याच्या घराण्याची खूण.

आमची टोपी काही एका दिवसात होत नाही. आर्यानाच्या बायका पांढऱ्या लोकरीची, पोतडीएवढी सैल टोपी विणतात. ती बत्तानला नदीवर जाते, तिथे गरम पाण्यात तुडवून तुडवून निम्मी होते. परत येते, काटेरी बोंडांनी विंचरली जाते. मग डोंगराखाली झग्वानला रंगायला जाते आणि लाल होऊन येते. पुन्हा विंचरणं, पुन्हा साच्यावर चढवणं. सगळं मिळून सहा महिने. म्हणून आमच्या बाजारात एक बोलणं आहे. एखाद्या साहेबाने नवीन खुर्ची मिळाल्याबरोबर टोपी सांगितली आणि ती खुर्ची डगमगती असली, की कारागीर एकमेकांना म्हणतात, ‘ह्याची पांढरीच ठेवा.’ म्हणजे, रंगाचा खर्च कशाला, टोपी लाल होईपर्यंत हा खुर्चीवर राहतोय कुठे. बाजाराबाहेर ह्याचा अर्थ कोणाला लागत नाही. बाहेर पांढरं म्हणजे कफन.

आता सी हस्सूना तुर्जमानकडे येतो, कारण त्याच्याशिवाय तूहामीची गोष्ट सांगता येणार नाही.

सेहेचाळीस साली तो पहिल्यांदा आला तेव्हा पॅरिसहून नुकताच परतलेला वकील होता. फ्रेंचांचं राज्य, आणि त्यांच्या कोर्टात लाल टोपी घालून उभं राहायचं त्याने ठरवलं होतं. तूहामीने दोरी फिरवली, गाठ मारली आणि सहा महिन्यांनी त्याच्या हातात टोपी दिली. पुढे फ्रेंचांनी त्याला पकडून आधी दक्षिणेत वाळवंटात, मग समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये ठेवलं. पकडलं त्या मोर्चात पोलिसांनी त्याची टोपी काढून बुटाखाली घातली, हे कळल्यावर तूहामीने कोणालाही न विचारता दुसरी बनवली आणि कोणाकोणाच्या हातून तिकडे पोहोचवली. पंचावन्न साली तो सुटून आला तेव्हा बंदरावर लोक उभे होते, आणि त्याने टोपी काढून हलवली तर आतलं हिरवं पान मला धक्क्यावरून दिसलं. तूहामी माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, “शिवण टिकली.” एवढंच.

मग स्वातंत्र्य आलं आणि सी हस्सूना मंत्री झाला. कोणत्या खात्याचा ते जाऊ द्या. त्याचं खातं बदलत राहिलं आणि प्रत्येक वेळी ते आधीच्याहून मोठं असे. तरी दर वर्षी सरकारी समारंभाच्या आधी टोपी घ्यायला स्वतः यायचा. हे मला तेव्हाच खटकलं होतं. एवढा मोठा माणूस, निरोप पाठवला असता तर टोपी घरी गेली असती. स्वतः यायचं कारण काय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्याची मोटार गल्लीत शिरत नसे. म्हणून तो दुकानात जाई आणि त्याचा ड्रायव्हर बेल्हसन माझ्याकडे बसे. हा केफकडचा डोंगरी माणूस, आडदांड, भोळा, साखर तीन चमचे. मी त्याला बाजारातले विनोद सांगायचो, तो गुडघ्यावर हात मारून हसायचा. मंत्र्याचा ड्रायव्हर आपल्या बाकावर बसतो ह्याचा मला, का खोटं बोलू, आनंदच होता.

तूहामीच्या दुकानात टोप्या विंचरायला माझा धाकटा भाऊ होता, मेहरेझ. दहा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला. हाताने देवमाणूस आणि जिभेने शुद्ध आगाऊ. सी हस्सूना मंत्री झाल्यावर टोपी बोटभर मोठी लागायला लागली, तर हा तूहामीला म्हणाला, “बघा, डोकं वाढलं. अक्कल मात्र जुन्याच मापाची.” तूहामी म्हणाला, “हात चालव.”

त्रेसष्टचा हिवाळा वाईट होता. रेडिओवर कट, फितुरी, खटले, एवढंच ऐकू येई. माणसं अर्ध्या वाक्यात बोलायला लागली होती. माझ्याकडे नवीन गिऱ्हाइकं यायची, कोरे बूट घातलेली, एक पेला दोन तास पुरवणारी. वर्तमानपत्र धरून बसायची आणि पान उलटायची विसरायची. त्या दिवसांत सी हस्सूनाचं खातं पुन्हा बदललं, आणि लोक म्हणत होते की ह्या वेळी ते मोठं नाही, लहान झालं आहे. तरी नेहमीसारखा तो आला आणि नव्या टोपीचं सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तूहामीकडे कॉफी घेऊन गेलो. आर्यानाहून पांढऱ्या टोप्यांचा ढीग आला होता. मेहरेझने त्यातली सगळ्यात मोठी उचलली, स्वतःच्या डोक्यावर घातली. ती त्याच्या हनुवटीपर्यंत आली. आतून म्हणाला, “सी हस्सूनाची ना? पांढरीच ठेवा.”

आम्ही तिघंही हसलो. तूहामी सुद्धा, आणि ईदला अजून दीड महिना होता.

तिसऱ्या दिवशी मेहरेझला नेलं. हातात विंचरायचं बोंड होतं तसंच. मंत्र्याला कफन घालण्याची धमकी दिली, असा आरोप. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, की अहो हे आमच्या धंद्यातलं बोलणं आहे, ह्यात मरण नाही. सांगून काय होतंय. दहा वर्षांची शिक्षा झाली.

मी चुलीपाशी उभा राहून हिशेब मांडला. दुकानात माणसं तीन. मेहरेझ स्वतःची चुगली करणार नाही. मी भाऊ. राहिला एक. आणि मंत्र्याचा राबता कोणाकडे? ज्याच्या दुकानात तो एकटा, डोकं पुढे करून बसतो त्याच्याकडे. मला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती, पण तोही मिळाला.

पुढच्या वर्षी सी हस्सूना आला. त्याचं खातं लहान झालं नव्हतं, लोकच चुकले होते. तूहामीने खिळ्यावरची त्याची दोरी काढली आणि डोक्याभोवती फिरवली. अठरा वर्षं ज्याचं डोकं मोजतोय त्याचं माप पुन्हा कशाला? मी चिमट्याने राख हलवण्याचं निमित्त करून पाहत राहिलो. तूहामी वाकला. त्याचे ओठ मंत्र्याच्या कानाशी हलले. ज्या माणसाला सलामाला उत्तर द्यायचा कंटाळा, तो बोलत होता, बराच वेळ बोलत होता. मंत्र्याने एखादाच शब्द उच्चारला आणि मान हलवली. मग त्याच्यासमोरच तूहामीने त्या दोरीला जुन्या गाठीशेजारी आणखी एक गाठ मारली आणि ती परत टांगली.

गाठ माणूस कशासाठी मारतो? विसरू नये म्हणून. काय विसरू नये? नावं. बाजारात कोण काय बोललं त्याची नावं.

दर वर्षी हेच. दोरी, कान, गाठ. मी मोजत होतो आणि कॉफीबरोबर वाढत होतो. “त्याच्यासमोर घसा खाकरताना जपून,” मी गिऱ्हाइकांना सांगायचो. “त्याचीही गाठ मारेल.” लोक हसायचे, मग गप्प व्हायचे. सहासष्टला बाजाराचा अमीन वारला. तंटे सोडवायला, मालाची पारख करायला सगळे कारागीर मिळून एकाला अमीन निवडतात. वयाने, हाताने तूहामीचाच नंबर होता. त्याला एकाही माणसाने हात वर केला नाही. मी कॉफीवाला, मला मत नाही, पण तो दिवस माझ्या कामाचा होता, हे मला ठाऊक आहे.

मेहरेझला नेल्यापासून मी त्याच्या दुकानात कॉफी पाठवणं बंद केलं होतं. आमच्याकडे गिऱ्हाईक बसलं की दुकानदार समोर बोट करतो आणि कॉफी येते. ज्याच्याकडे कॉफी येत नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक टेकत नाही. तूहामीने एक छोटी शेगडी आणली आणि स्वतःच चहा करायला लागला. वाईट चहा. वास इकडपर्यंत यायचा.

एकदाच, सगळ्यांसमोर, मी वाटेत उभा राहून त्याला विचारलं, “अम्म तूहामी, मेहरेझला कोणी विकलं ते आज सांगाच.”

त्याने टोपीवरून नजर काढली, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि म्हणाला, “खमैस, तुझं उतू चाललंय.”

मी वळलो तर खरंच, दांड्याच्या भांड्यातून कॉफी चुलीवर वाहत होती. लोक हसले. मी त्या हसण्याचंही खापर त्याच्यावरच फोडलं. खरा माणूस असता तर रागावला असता, शपथ घेतली असती. गप्प बसतो तोच चोर, असं मी त्या दिवशी दहा जणांना सांगितलं.

सत्तर साली मेहरेझ सुटला, दहाच्या ऐवजी सात वर्षांनी. का सोडलं, कोणी सांगितलं नाही. छाती बसलेली, खोकला घर करून राहिलेला. मी त्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, आठ दिवस झोपू दिलं. नवव्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे कॉफी प्यायला, वाट ओलांडून गेला आणि तूहामीच्या दुकानात आपल्या जुन्या पाटावर जाऊन बसला. तूहामीने त्याच्याकडे न बघता बोंड पुढे केलं.

त्या संध्याकाळी घरी मी ताट बाजूला सारलं.

“तुला लाज नाही वाटत?”

“हाताला दुसरं काम येत नाही, दादा.”

“ज्या माणसाने तुला...”

“कुसकुस गार होतंय.”

“मला बोलू दे. ज्या माणसाने तुला तिथे घातलं...”

“त्याने नाही घातलं,” मेहरेझ म्हणाला.

“मग कोणी?”

तो खोकायला लागला. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, “झालं ते झालं. मिरची फार घालतोस तू.”

आता हे सांगताना मला माझी शरम वाटते, पण सांगतो. त्या रात्रीनंतर मला भावाचाही संशय यायला लागला. वाटलं, तुरुंगात ह्याला फोडलं असणार. तूहामीच्या जोडीला दुसरा तयार केला असणार. नाहीतर तीन वर्षं आधी सोडतात कशाला? तो दुकानात आला की मी आवाज खाली करायचो. त्याला ते कळायचं. माझ्याकडे बघायचा, पेला उलटा करून ठेवायचा आणि पलीकडे जायचा. आठ वर्षं आम्ही असे एका घरात राहिलो. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. जल्लाझच्या कब्रस्तानात तूहामी सगळ्यात मागे उभा होता. नंतर हात पुढे करून माझ्याकडे आला, तर मी माझा हात खिशात घातला.

त्याआधीच, एकाहत्तरला, सी हस्सूना पडला होता. रेडिओने त्याचं नाव मानाचं ‘सी’ न लावता वाचलं, त्यावरूनच आम्ही समजलो. समुद्राकाठच्या त्याच्याच घरात त्याला कोंडून ठेवलं. बारा वर्षं कोणी पाहिला नाही. ज्या सडकेला त्याचं नाव द्यायचं चाललं होतं, तिला दुसऱ्याचं दिलं. तूहामीच्या खिळ्यावर मात्र त्याची दोरी तशीच होती. गाठी मला पाठ होत्या. मापाची एक आणि वरच्या सात.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात एका सकाळी एक म्हातारा काठी टेकत बाजारात आला. डोकं उघडं. वर चार पांढरे केस, आणि कातडी इतकी पातळ की बघवेना. बाजारातल्या निम्म्या माणसांनी त्याला ओळखलं आणि सगळ्यांनी मान खाली घालून काम सुरू केलं. तो माझ्या बाकावर येऊन बसला, बेल्हसन बसायचा तिथेच.

“एक कॉफी द्याल?” तो म्हणाला. “साखर नको. डॉक्टर नाही म्हणतात.”

पूर्वी तो मला ‘ए’ म्हणायचा. आता ‘द्याल’. मला लगेच शंका आली, की ह्याला काय हवंय. मी पेला ठेवला. हसवलं नाही.

“तूहामी आहे ना अजून? नातीचं लग्न ठरलंय. उघड्या डोक्याने कसा जाऊ.”

कॉफीवाला गिऱ्हाइकासमोर बसत नाही. मी बसलो. वीस वर्षं तोंडात घोळवलेला प्रश्न, तो विचारायला आता घाबरण्यासारखं काय उरलं होतं.

“सी हस्सूना, मी मेहरेझचा भाऊ. टोपी विंचरणारा मेहरेझ. ‘पांढरीच ठेवा’ म्हणाला तो.”

“माहीत आहे.”

“तूहामीने तुमच्या कानात घातलं ते. एवढं फक्त कबूल करा. माझा भाऊ गेला, तुमची खुर्ची गेली, आता कोणाचं काय जातंय.”

त्याने पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याची चेष्टा करतोय की काय ते त्याला ठरवता येईना.

“तूहामीने?” तो म्हणाला. “तुम्हीच तर सांगितलंत.”

मी बाकावर सांडलेली कॉफी फडक्याने पुसायला लागलो.

“बेल्हसनला. इथेच. तो मोटारीत बसल्यावर गप्प होता. म्हटलं, काय झालं? म्हणाला, कॉफीवाला हसत हसत सांगत होता, टोपीवाल्यांकडे तुमची पांढरी टोपी काढून ठेवलीय म्हणून. तो डोंगराकडचा, त्याला भीती वाटली. मी समजलो की तुम्ही मुद्दाम माझ्यापर्यंत पोहोचवलंत. पुढेही तुमच्याकडून बातम्या घ्यायला कोणाला तरी पाठवायचं, असंही मनात होतं. मग राहून गेलं.”

मला आठवलं. ते विसरलो होतो असं नाही. बेल्हसन त्याच दुपारी कसलेतरी कागद पोहोचवायला गावात आला होता, आणि मी पेला पुढे करताना म्हटलं होतं, ऐक, आज आमचा मेहरेझ काय म्हणाला. तो हसला नव्हता. ड्रायव्हरला विनोद कळला नाही, एवढंच तेव्हा मला वाटलं होतं. दुकानात माणसं तीन, हा हिशेब मांडताना मी चौथ्याला धरलंच नाही, कारण तो माझ्या बाकावर बसला होता.

“पण तुम्ही ट्युनिसचे,” मी म्हटलं. “तुम्हाला तर अर्थ माहीत होता. कफन नाही, हे माहीत होतं.”

“माहीत होतं, म्हणूनच राग आला. मारायची धमकी मी सोडून दिली असती. फ्रेंचांनी त्याहून मोठ्या दिल्या होत्या. खुर्ची जाणार म्हणाला, ते त्या दिवसांत ऐकवलं नाही.” त्याने पेल्यातला गाळ हलवला. “तूहामी दर वर्षी त्याच्यासाठी मागायचा. दोरी डोक्याला लावली की सुरू. पोराला सोडा, त्याची चूक नाही, पोराला सोडा. मी म्हणायचो, बघतो. तो गाठ मारायचा. म्हणायचा, हे एक ‘बघतो’ झालं. सातव्या वर्षी समारंभाच्या सकाळी, बाजार उघडायच्या आधीच, टोपी हातात धरून उभा राहिला आणि देईना. बाहेर मोटारी थांबलेल्या, मी उघड्या डोक्याने. शेवटी तिथेच बसून कागदावर सही केली, तेव्हा त्याने टोपी डोक्यावर ठेवली.” काठी उचलत म्हणाला, “मला टोपी घालून देणारा तेवढा एकच माणूस मला भ्याला नाही.”

तो उठला आणि काठी टेकत वाट ओलांडून गेला. मी बसल्या जागेवरून पाहिलं. तूहामीने खिळ्यावरची दोरी काढली, त्या उघड्या डोक्याभोवती फिरवली. ती आता सैल झाली होती. काही बोलणं झालं नाही, आठवी गाठ मारली नाही.

म्हातारा गेल्यावर मी कॉफी चढवली. मला माझ्या तोंडाची किळस आली होती, जीभ बाहेर काढून चुलीत घालावी अशी. मेहरेझला तुरुंगात चौकशी करणाऱ्यांनी सांगितलंच असणार. म्हणजे तो सुटून आला तेव्हा त्याला माहीत होतं. आठ वर्षं माझ्या हातची कॉफी पीत होता आणि मी त्याच्यासमोर आवाज खाली करत होतो. मी भांड्यात नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचे दोन थेंब टाकले, तबक उचललं आणि वाट ओलांडली. सात दुकानांतले हात थांबले.

तूहामी मान खाली घालून विंचरत होता. “गिऱ्हाईक गेलं,” तो म्हणाला.

“गिऱ्हाइकासाठी नाही. तुमच्यासाठी आणलीय, अम्म तूहामी.”

त्याने पेला घेतला. वास घेतला. मी उभाच होतो.

“तुम्ही सांगितलं का नाही? वीस वर्षं मी तुमच्या तोंडाला काळं फासलं. तुमचं अमीनपण घालवलं. एकदा, फक्त एकदा बोलला असतात.”

“बोललो होतो,” तूहामी म्हणाला. “उतू चाललंय म्हणून.”

“अम्म तूहामी...”

“आत गेल्यावर पहिल्या महिन्यात मेहरेझचा निरोप आला मला. शपथ घातली होती त्याने. म्हणाला, दादाला कळलं तर तो स्वतःला खाईल. तुम्हाला शिव्या देत राहिला, तर जगेल.” त्याने एक घोट घेतला. “तुझी तब्येत चांगली राहिली, खमैस.”

मी तिथेच त्याच्या उंबऱ्यावर बसलो. सगळा बाजार बघत होता आणि मी रडत होतो, आणि पहिल्यांदाच मला कोण बघतंय ते बघावंसं वाटलं नाही.

तूहामीने कॉफी संपवली. मग मागून माझ्या डोक्यावरची जुनी, तेलकट टोपी उचलली, आत खूण कोणाची आहे ती पाहिली आणि नाक मुरडून बाजूला टाकली. नवीन दोरी घेतली. ती माझ्या कपाळावरून, कानांच्या वरून फिरली, मागे त्याच्या खरखरीत बोटांत जुळली. त्याने गाठ मारली.

“एकोणसाठचा झालास ना?” तो म्हणाला. “सहा महिने लागतील. विचारून ठेवतो. रंगवू, की पांढरीच ठेवू?”

समोरच्या दुकानात कोणीतरी हसलं. मी त्याचा रिकामा पेला तबकात ठेवला.

“रंगवा,” मी म्हटलं. “मी थांबतो.”